रुतलेली गाडी, भंगारातली पन्हळ आणि मेजर बॅगनॉल्ड

आजच्या भागात तलवारी नाहीत, किल्ले नाहीत, राजेरजवाडेही नाहीत. आज आहे वाळूत रुतलेली एक गाडी. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे काय काढलंय असं वाटेल, पण थांबा. कर्णाच्या रथाचं चाक आपण हजारो वर्षं सांगतोच आहोत ना.

सलग सुट्ट्या लागल्या की एक व्हिडिओ हमखास मोबाईलवर येतो. कोकणातला कुठलातरी किनारा, नवीकोरी एसयूव्ही, मागची चाकं अर्धी वाळूत, मागून भरती चढतेय आणि चालक ॲक्सिलरेटर दाबून बसलाय. बाजूला उभे चार मित्र ओरडतायत, "दे, दे, अजून दे!" गाडी पुढे जात नाही, खाली जाते. शेवटी गावातला ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी येतो. खाली कमेंटमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: फोर बाय फोर असूनही अडकली? गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हाच नोंदवतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मला मात्र प्रश्न वेगळा पडला. वाळूत रुतलेली गाडी काढायची कशी, हे पहिल्यांदा नीट डोकं लावून कुणी शोधलं? म्हणजे नशिबावर न सोडता, दरवेळी चालेल अशी रीत कुणी बसवली? त्याचं उत्तर शोधताना मी पोचलो कैरोला, १९२० च्या दशकात.

आधी जागा समजून घेऊ. इजिप्तचा नकाशा उघडा. उजवीकडे नाईल नदी. तिच्या पश्चिमेला लिबियाच्या हद्दीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे सगळं वाळवंट. त्यातच एक भाग आहे, ज्याला 'ग्रेट सँड सी' म्हणतात. वाळूचा समुद्र. सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तिथे फक्त वाळू. टेकड्यांच्या रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या, समुद्राच्या लाटा एकामागून एक याव्यात तशा. काही टेकड्या १०० मीटरपर्यंत उंच. पाण्याची विहीर एकही नाही.

१८७४ साली गेरहार्ड रोल्फ्स नावाचा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन दाखला ओॲसिसवरून पश्चिमेकडे निघाला. त्याला कुफ्राला पोचायचं होतं. कुफ्रा म्हणजे आजच्या लिबियाच्या पोटातलं ओॲसिस. वाळूच्या रांगा आडव्या आल्या. एक चढून उतरावी तर समोर दुसरी, मग तिसरी. शेवटी त्याने हट्ट सोडला, दोन रांगांमधल्या पट्ट्यातून उत्तरेकडे वळला आणि सिवाला जाऊन पोचला. त्या प्रवासात त्या वाळवंटात चक्क पाऊस पडला, म्हणून त्याने त्या जागेला 'रेगेनफेल्ड' म्हणजे पावसाचं रान असं नाव दिलं. पश्चिमेची वाट मात्र बंदच राहिली.

मग मोटारी आल्या. पहिल्या महायुद्धात सेनुसी टोळ्यांशी लढताना ब्रिटिशांनी 'लाईट कार पॅट्रोल' नावाच्या तुकड्या केल्या आणि फोर्डच्या मॉडेल टी गाड्या वाळवंटात नेल्या. त्यांनी बरंच काही शिकून ठेवलं, नकाशे काढले. युद्ध संपलं आणि ते ज्ञानही पांगलं. पुढे इजिप्तच्या राजघराण्यातला प्रिन्स कमाल एल दिन याने मागे चाकांऐवजी पट्टे असलेल्या सित्रोएन गाड्या वापरल्या. त्यामुळे सगळ्यांचं मत असं बनलं की खोल वाळवंटात जायचं तर उंट हवेत, नाहीतर रणगाड्यासारखे पट्टे. साध्या चाकांचं हे काम नाही.

इथे आपला माणूस येतो. राल्फ बॅगनॉल्ड. जन्म १८९६. पहिल्या महायुद्धात लढलेला, नंतर केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला, आणि १९२६ मध्ये इजिप्तमध्ये बदली होऊन आलेला ब्रिटिश अधिकारी. त्याची बहीण एनिड बॅगनॉल्ड लेखिका म्हणून प्रसिद्ध. इतर अधिकारी सुट्टीच्या दिवशी पोलो खेळायचे, क्लबात बसायचे. हा मित्र गोळा करून स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या फोर्डमधून वाळवंटात फिरायला जायचा. म्हणजे आपल्याकडे शनिवार-रविवार बाईक काढून निघतात ना, तसंच. फरक एवढाच, की वाटेत चहाची टपरी नाही आणि चुकलं तर घरी परत नाही.

पहिली गोष्ट त्याने केली ती गाडी हलकी करायची. बॉनेट काढ, काच काढ, चिखलरोधक पत्रे काढ. जे धावायला लागत नाही ते उतरव.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या काळच्या गाडीचं रेडिएटर उकळलं की वाफ बाहेर जायची आणि पाणी संपायचं. वाळवंटात इंजिन तर सतत उकळणार. त्याने पायरीवर पाण्याचा एक डबा बसवला आणि रेडिएटरची वाफ नळीने त्या डब्यात सोडली. वाफ तिथे थंड होऊन पुन्हा पाणी व्हायची. इंजिन गार झालं की आतल्या निर्वातामुळे डब्यातलं पाणी आपोआप परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. म्हणजे थेंबही वाया नाही. माणसांच्या वाटणीचं पाणी गाडीला पाजायची वेळ टळली. आज प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली कूलंटचा जो प्लास्टिकचा डबा दिसतो ना, तो याच जातीचा.

तिसरी गोष्ट आपला आजचा मुख्य विषय: रुतणं.

गाडी रुतते कशी, हे जरा सावकाश बघू, कारण इथेच सगळी गंमत आहे. कोरडी वाळू म्हणजे सुट्टे दाणे. दाण्यांवर वरून वजन आलं की ते एकमेकांत घट्ट बसतात आणि भार झेलतात. पण कुणी आडवा जोर लावला तर सरकतात. चाक वेगात फिरतं तेव्हा नेमकं हेच करतं. ते खालची वाळू मागे फेकतं. मागे फेकलेली वाळू कुठून आली? चाकाच्या खालून. म्हणजे प्रत्येक फेऱ्याबरोबर तुम्ही स्वतःच्या चाकाखाली खड्डा खणताय. चाक खाली, खाली, आणि मग एक क्षण असा येतो की गाडीचं पोट वाळूवर टेकतं. एकदा पोट टेकलं की गाडीचं वजन चाकांवर उरतच नाही. मग इंजिन दोनशे हॉर्सपॉवरचं असो नाहीतर वीसचं, चाकं नुसती हवेत फिरल्यासारखी फिरतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली तर एवढंच होतं, की दोनाऐवजी चार खड्डे पडतात.

ब्रेकचंही तसंच. करकचून दाबला की चाकाच्या पुढ्यात वाळूचा बांध तयार होतो, आणि निघताना आधी तोच चढायला लागतो. म्हणून मुरलेले लोक वाळूत ब्रेक मारत नाहीत. पाय काढून गाडी आपोआप थांबू देतात, शक्यतो उताराकडे तोंड करून.

मग बॅगनॉल्डच्या मंडळींनी काय केलं? आधी टायरमधली हवा कमी केली. यामागचं गणित शाळेतलंच आहे. गाडीचं वजन ठरलेलं. टायरमधला दाब कमी केला की तेवढंच वजन पेलायला टायरचा जास्त भाग जमिनीला टेकतो. ३५ चा दाब १७ वर आणला तर टेकणारी जागा ढोबळमानाने दुप्पट होते, आणि वाळूवरचा भार निम्मा. गंमत म्हणजे टायर रुंदीला फार वाढत नाही, लांबीला वाढतो. म्हणजे चाक थोडंसं पट्ट्यासारखं होतं. उंटाचा पाय बघा. वजन पडलं की पसरतो, उचलला की आवळतो. फोर्डला उंटाचे पाय द्यायचे, एवढीच युक्ती. पुढे कडक जमिनीवर गेलं की हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटणार. त्या काळात हातपंपाने. भर उन्हात चार टायर हातपंपाने भरणं कसं असेल, ते ज्याने सायकलची ट्यूब भरलीय त्यानेच कल्पून बघावं.

आणि तरीही गाडी रुतायचीच. कारण वाळू सगळीकडे सारखी नसते आणि दिसायला मात्र सारखीच असते. वाऱ्याने थर थर रचलेली वाळू घट्ट बसते, तिच्यावर गाडी पळते. टेकडीच्या आडोशाच्या बाजूला घसरून साठलेली वाळू भुसभुशीत असते, तिच्यात माणूसही गुडघाभर जातो. दोन्हींचा रंग एक, तकाकी एक.

अशा वेळी उपयोगाला आलं भंगार. कैरोच्या जुन्या बाजारात, म्हणजे आपल्या चोरबाजारासारखं काहीतरी समजा, तिथे लोखंडी पन्हळी मिळाल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेल्या. साधारण पाच फूट लांब, जड, मजबूत. युद्ध संपल्यावर कुणालाच नको झालेल्या. या मंडळींनी त्या उचलल्या आणि गाडीला अडकवल्या.

रीत अशी. गाडी दबायला लागली की लगेच थांबायचं, जोर मारायचा नाही. सगळे उतरायचे. फावड्याने मागच्या चाकांपुढची वाळू उपसायची, पोटाखालचीही काढायची. मग दोन्ही चाकांपुढे एकेक पन्हळ, चाकाखाली जितकी सरकेल तितकी सरकवायची. चालकाने खालच्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडायचा, बाकीच्यांनी मागून ढकलायचं. चाकाला लोखंड मिळतं, गाडी पाच फूट पुढे येते. तेवढ्यात वेग मिळाला तर चालकाने मागे वळूनही बघायचं नाही. कडक जमीन लागेपर्यंत जायचं, मग ती अर्धा किलोमीटर लांब का असेना. बाकीच्यांनी तापलेल्या पन्हळी खांद्यावर घेऊन मागून चालत यायचं. वेग नाही मिळाला तर पुन्हा उपस, पुन्हा पन्हळ, पुन्हा पाच फूट.

हे ऐकून आपल्याकडच्या कुणा शेतकऱ्याला हसू येईल. चिखलात बैलगाडी रुतली की चाकाखाली दगड, फांद्या, पाचट घालायचं हे काय त्याला माहीत नाही? कोकणातले मच्छीमार होडी वाळूवरून ओढताना खाली ओंडके टाकतातच. खरं आहे. कल्पना जुनीच. बॅगनॉल्डचं वेगळेपण मला दिसतं ते दुसरीकडे. त्याने रुतणं हा अपघात मानलाच नाही. दिवसाच्या हिशोबात जसं पेट्रोल, जसं पाणी, तसं रुतणं. आज इतक्या वेळा रुतणार, प्रत्येक वेळी इतका वेळ जाणार, तेवढं धरूनच निघायचं. घाबरायचं कारण संपलं की माणूस आंधळेपणाने ॲक्सिलरेटर दाबत नाही.

मधेच त्याची बदली हिंदुस्थानात झाली, वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानला. तिथूनच त्याने पुढची मोहीम आखली आणि १९२९ साली रजा घेऊन कैरोला परत आला. आता फोर्डच्या नव्या मॉडेल ए गाड्या होत्या. त्या वर्षी वाळूच्या समुद्रात शिरून ते परत फिरले. १९३० मध्ये ऐन दल्लाच्या झऱ्यावरून पुन्हा निघाले.

समोर वाळूची भिंत. चढेल का, कुणालाच माहीत नाही. बॅगनॉल्डने वेग ताशी ४० मैलांवर, म्हणजे ६५ किलोमीटरच्या आसपास नेला आणि गाडी सरळ त्या भिंतीवर घातली. सगळ्यांना वाटलं नाक रुतणार. गाडी वर चढली. वाऱ्याच्या बाजूची ती वाळू इतकी घट्ट बसलेली होती की चाकाच्या खुणा जेमतेम उमटल्या. जिथे रोल्फ्सचे उंट अडले, तिथून साध्या चाकांच्या गाड्या पलीकडे गेल्या. अर्थात वाटेत पन्हळी कितीदा काढाव्या लागल्या त्याला गणती नाही.

आता इथपर्यंत ही गोष्ट हौसेची आहे. श्रीमंत देशाच्या अधिकाऱ्यांची सुट्टी म्हणा. आणि हे 'शोध' लावणारे लोक पोचायच्या आधी त्या वाळवंटात बदावी, तुबू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, हेही विसरायला नको. उवैनातचा डोंगर जगाच्या नकाशावर आणला तो अहमद हसनैन या इजिप्शियन माणसाने, १९२३ मध्ये, उंटांवरून. पण १९३१ साली या हौसेला एक वेगळं वळण लागलं.

त्या वर्षी जानेवारीत इटलीच्या सैन्याने कुफ्रा जिंकलं. मुसोलिनीचा काळ. तिथली कुटुंबं, बायकामुलं, म्हातारी माणसं, जे मिळेल ते घेऊन वाळवंटात पळाली. काही उवैनातकडे, काही थेट दाखलाकडे. शेकडो किलोमीटर आणि मधे पाणी नाही. कितीतरी जण वाटेतच तहानेने गेले. त्या दिवसांत इजिप्तच्या डेझर्ट सर्व्हेचा एक माणूस त्या भागात मोजणी करत होता, पॅट क्लेटन नाव त्याचं. त्याला हे निर्वासित भेटले. त्याने मोजणी बाजूला ठेवली आणि आपल्या गाड्या त्यांना शोधण्यात आणि पाण्यापर्यंत पोचवण्यात घातल्या. गाडी वाळूतून परत परत काढता येते हे ज्ञान नसतं तर त्या खेपा झाल्याच नसत्या. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. सिनेमे मात्र दुसऱ्याच लोकांवर निघाले. 'द इंग्लिश पेशंट' पाहिला असेल तर त्यातला अल्माशी हा याच वाळवंटातला खरा माणूस, हंगेरीचा. सिनेमातली प्रेमकहाणी मात्र खरी नाही.

बॅगनॉल्ड १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाला. युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा बोलावणं आलं आणि त्याला पूर्व आफ्रिकेला पाठवलं. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, दुरुस्तीसाठी ते पोर्ट सईदला लागलं, आणि हा गडी वेळ मिळाला म्हणून कैरोला गेला. तिथे जनरल वेव्हेलला कळलं की वाळवंट जाणणारा माणूस आयताच दारात आलाय. हो, तोच वेव्हेल, जो पुढे आपला व्हाइसरॉय झाला.

१० जून १९४० ला इटली युद्धात उतरली. बॅगनॉल्डने प्रस्ताव मांडला: वाळूच्या समुद्रातून शत्रूच्या पिछाडीला जाता येतं, मला माणसं आणि गाड्या द्या. वेव्हेलने मुदत दिली सहा आठवड्यांची. त्यातून उभी राहिली 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'. सुरुवातीची बरीचशी माणसं न्यूझीलंडची, शेतीवाडी करणारी, हाताने यंत्र दुरुस्त करणारी. गाड्या शेवरलेट ट्रक, काही कंपनीकडून घेतलेले, काही इजिप्शियन सैन्याकडून मागून आणलेले. आणि प्रत्येक ट्रकच्या बाजूला टांगलेल्या पन्हळी. आता त्या सरकारी सामानाच्या यादीत आल्या होत्या. पुढच्या चाकांसाठी कॅनव्हासच्या, पट्ट्या शिवलेल्या गुंडाळायच्या चटयाही होत्या.

हौसेतलं रुतणं आणि युद्धातलं रुतणं यात फरक काय? उघड्या वाळूवर थांबलेला ट्रक विमानातून मैलोन्‌मैल दिसतो. शिवाय तिथे ट्रक म्हणजे नुसतं वाहन नसतं. पाणी ट्रकमध्ये, अन्न ट्रकमध्ये, रेडिओ ट्रकमध्ये. ट्रक गेला की काय होतं, याचा एक प्रसंग सांगतो.

३१ जानेवारी १९४१. तोच पॅट क्लेटन आता या दलात एका तुकडीचा प्रमुख होता. कुफ्राच्या दक्षिणेला जबल शरीफजवळ इटालियन गाड्यांनी आणि विमानांनी त्याच्या तुकडीला गाठलं. क्लेटन जखमी होऊन पकडला गेला. काही ट्रक जळाले. चार जण खडकांत लपून राहिले: मूर, ईस्टन, टाय आणि विंचेस्टर. मूरच्या पायाला जखम, ईस्टनच्या गळ्याला. त्यांच्याकडे एका डब्यात दोन गॅलनपेक्षाही कमी पाणी होतं. चालत कुफ्राला जाऊन शरण जाणं जवळ होतं. ते गेले नाहीत. आपल्याच ट्रकच्या चाकोरीमागून दक्षिणेकडे निघाले. दहाव्या दिवशी सगळ्यात पुढे असलेला मूर सापडला तेव्हा तो सुमारे २१० मैल, म्हणजे ३४० किलोमीटर आला होता आणि अजून चालतच होता. चौघांतले तिघे वाचले. ईस्टन मदत पोचल्यानंतर गेला.

तुमच्यातले काही आता विचारणार, यात आपलं कुणी होतं का? होतं. 'इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन' नावाची तुकडी होती. तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडच्या तीन घोडदळ रेजिमेंटांमधून, म्हणजे सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी आणि एटीन्थ कॅव्हलरीमधून स्वयंसेवक घेऊन ती उभी केली. त्यात चार पॅट्रोल होती: जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान. मराठ्यांचं पॅट्रोल त्यात नव्हतं, कारण या रेजिमेंटांची भरतीच उत्तरेकडची. १९४२ मध्ये ही स्क्वॉड्रन लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या हाताखाली आली. गंगेच्या आणि सतलजच्या गाळाच्या जमिनीत वाढलेली, नाव घोडदळाचं लावणारी ही पोरं आफ्रिकेच्या वाळूत ट्रकखाली पन्हळ सरकवत होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे कुठे आलेलं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रुतण्यापेक्षा वाईट काहीतरी त्या वाळूत होतं: टेकडीचा माथा. चढताना वेग लागतो, नाहीतर अर्ध्यात रुतता. पण माथ्यावर पलीकडे काय आहे ते दिसत नाही. कधी गोल उतार, कधी सुरीच्या धारेसारखी कड आणि पलीकडे ३३-३४ अंशांचा सरळ घसरता उतार. दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावली नसते, आणि सावली नसली की ती कड डोळ्याला दिसतच नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये बार्सेच्या छाप्याला जाताना कॅप्टन टिम्पसनची जीप अशाच एका कडेवरून पलीकडे गेली. तो जखमी झाला, त्याच्या चालकाचा कणा कायमचा गेला. रुतण्याच्या भीतीने वेग वाढवावा तर हे, आणि याच्या भीतीने कमी करावा तर रुतणं. या दोन्हींच्या मधला वेग कुठल्या पुस्तकात नसतो, तो चालकाच्या पायात असतो.

बॅगनॉल्डकडे परत येऊ. निवृत्तीनंतरच्या वर्षांत त्याला एक खाज सुटली होती. वाळू अशी का वागते? वारा तिला कशी उचलतो, टेकडी कशी बनते, एकीकडे घट्ट आणि एकीकडे भुसभुशीत का? म्हणून त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू घातली आणि दाणे कसे उड्या मारत पुढे जातात ते मोजलं. एक दाणा वाऱ्याने उडतो, खाली आपटतो, आपटताना इतरांना उडवतो. त्यावरचं त्याचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, म्हणजे तो वाळवंटात लढत असताना. १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. फावड्याने वाळू उपसता उपसता पडलेले प्रश्न होते ते.

१९७७ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, नासाने त्याला बोलावलं. विषय: पृथ्वीवरची आणि मंगळावरची वाळवंटं. १९९० मध्ये तो वारला.

मंगळावर पुढे काय झालं ते थोडक्यात. एप्रिल २००५ मध्ये नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर एका लहानशा वाळूच्या वरवंड्यात चाकांपर्यंत रुतला. हात द्यायला कुणी नाही, पन्हळ सरकवायला कुणी नाही. इंजिनिअर लोकांनी पृथ्वीवर तशीच रेती तयार करून तिच्यात दुसरा रोव्हर रुतवून बघितला, आणि मग आदेश पाठवले, थोडे थोडे, रोज तपासून. जवळजवळ पाच आठवडे. साध्या जमिनीवर १९२ मीटर जाता आलं असतं एवढी चाकं फिरली, आणि रोव्हर सरकला ९३ सेंटीमीटर. मग सुटला. त्याचा जुळा स्पिरिट २००९ मध्ये रुतला, त्यात त्याचं एक चाक आधीपासूनच बंद. तो सुटलाच नाही. हिवाळ्याआधी सौर पट्ट्या सूर्याकडे कलतील अशा उतारावर त्याला नेता आलं नाही, आणि मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही.

आणि २०१५ च्या अखेरीस तिसरा रोव्हर, क्युरिऑसिटी, मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या एका रांगेपाशी पोचला. त्या टेकड्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिलंय, 'बॅगनॉल्ड ड्यून्स'. तिथे रोव्हरने एक चाक मुद्दाम वाळूत घासलं, थोडी उकरली, आत वाळू कशी बसलीय त्याचे फोटो काढले, आणि टेकडीवर न चढता बाजूने निघून गेला.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या भागात चिखलातून, नदीतून, पुळणीतून गाड्या काढण्याच्या जुन्या रीती असतील, आजोबांनी सांगितलेल्या असतील, तर आवाजी संदेश करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.